‘पाणी’ : एक शब्द, अनेक अर्थ



मागील घटकात शब्द आणि अर्थ यांचे नाते कसे जुळते, हे आपण पाहिले. प्रस्तुत घटकात एकच शब्द घेऊन त्या नात्याचा थोडा खोलवर शोध घ्यावयाचा आहे. शब्द इतका परिचयाचा आहे, की त्याचा अर्थ शब्दकोशात पाहण्याची वेळ आपणांपैकी कोणावरही आली नसेल. तो शब्द म्हणजे ‘पाणी’.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडील एका विद्यार्थिनीचा स्वाध्याय महिनाभर उशिरा माझ्याकडे आला. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती : ‘पाण्यामुळे उशीर झाला, क्षमा असावी.’ उत्तर कोकणातला पाऊस ठाऊक असल्यामुळे मी मनाशी चित्र रंगवले – फुगलेला ओहोळ, तुटलेला रस्ता, भिजलेल्या वह्या – आणि स्वाध्याय स्वीकारला. नंतर चिठ्ठीवरील दिनांकाकडे लक्ष गेले. महिना एप्रिलचा होता. चिठ्ठीतील ‘पाणी’ हे पडलेले पाणी नव्हते, ते नसलेले पाणी होते. पाड्यावरची विहीर आटली होती आणि अभ्यासाचा वेळ हंडे-कळशा भरून आणण्यात जात होता.

हेच वाक्य जुलैत लिहिले असते, तर मी लावलेला अर्थ बरोबर ठरला असता. वाक्यातील एक अक्षरही न बदलता अर्थ उलटा होतो, कारण अर्थ केवळ शब्दात नसतो. तो बोलणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या आणि काळवेळेच्या संदर्भात पुरा होतो. अर्थविचारात ‘संदर्भ’ या संज्ञेला जे महत्त्व आहे, त्याचे याहून चांगले उदाहरण मला पुढे कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

मुळाकडे

‘पाणी’ हा तद्भव शब्द आहे. संस्कृतातील ‘पा’ म्हणजे पिणे. त्यापासून ‘पानीय’ हे विशेषण झाले. त्याचा अर्थ ‘पिण्याजोगे’. प्राकृतात त्याचे ‘पाणिअ’ झाले आणि मराठीत ‘पाणी’. म्हणजे आरंभी हा शब्द पदार्थाचे नाव नव्हता. पदार्थाचा एक गुण सांगत होता. पुढे विशेषण नामासारखे वापरले जाऊ लागले आणि गुणाची आठवण पुसली. आज आपण समुद्राचे पाणी, गटाराचे पाणी, बॅटरीचे पाणी असे सहज म्हणतो; यातले काहीच पिण्याजोगे नाही. मूळ मर्यादा ओलांडून शब्द अधिक वस्तूंना लागू होतो, तेव्हा त्यास अर्थविस्तार म्हणतात.

गंमत अशी, की विस्तारलेला शब्द व्यवहारात पुन्हा आपल्या मूळ जागी येऊन उभा राहतो. पुराच्या दिवसांत डहाणूतील एखादी गृहिणी म्हणेल, ‘घरात पाणी शिरलं, आणि घरात पाणी नाही.’ ऐकणाऱ्याला यात कोठेही विसंगती वाटत नाही. पहिले पाणी विस्तारलेल्या अर्थाचे, दुसरे मूळच्या ‘पानीय’चे. शासनव्यवहाराला मात्र असा गोंधळ परवडत नाही, म्हणून तेथे ‘पिण्याचे पाणी’ असा जोडप्रयोग करावा लागतो. व्युत्पत्तीने पाहिले तर हे ‘पिण्याचे पिण्याजोगे’ झाले. पण या द्विरुक्तीला हसू नये. महाराष्ट्रात १९९३ साली भूजलाविषयी जो कायदा झाला, त्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणण्यास मनाई होती. एखाद्या पाड्याची विहीर ‘पिण्याच्या पाण्याचा उद्भव’ या शब्दांत बसते की नाही, यावर शेजारची विंधणविहीर होणार की नाही हे ठरत असे.

पाणी, जल, उदक, नीर

हे शब्द समानार्थी आहेत असे आपण शाळेत पाठ करतो. पण भाषा दोन शब्द एकाच कामासाठी फार काळ ठेवून घेत नाही. मराठीत ‘उदक’ विधीपुरते उरले. कोणी ‘मला थोडे उदक द्या’ असे म्हणत नाही. गोव्यात कोकणी घरी मात्र ‘उदक’ हाच नित्याचा शब्द आहे आणि त्याला धर्मविधीचा वास येत नाही. ‘उदक’ हा कुळाने फार दूरवर पसरलेला शब्द आहे; इंग्रजीतील ‘वॉटर’ आणि रशियनमधील ‘वदा’ हे त्याचे भाऊबंद. ‘नीर’ या शब्दाचे मूळ अनेक अभ्यासक द्राविड भाषांत शोधतात. कानडीत आजही पाण्याला ‘नीरु’च म्हणतात. डहाणूच्या बाजूला पहाटे शिंदीच्या झाडावरून उतरवलेली ‘नीरा’ प्यायला मिळते, तिचे नाव याच ‘नीर’चे.

‘जल’ हा शब्द आज प्रामुख्याने शासनाचा आहे. जलसंपदा विभाग, जलसंधारण, २०१४ च्या अखेरीस सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान, २०१९ चे जल जीवन मिशन. याउलट पाणीटंचाई, पाणीपट्टी, पाणीकपात, पाणीचोरी. योजना ‘जला’च्या आणि तक्रारी ‘पाण्या’च्या, अशी ही विभागणी दिसते. ‘शिवकालीन पाणी साठवण योजना’ यासारखे अपवाद आहेतच. परंतु कल सांगण्यापुरती ही विभागणी खरी आहे. तत्सम शब्द औपचारिक, तद्भव शब्द घरगुती, हा मराठीचा जुना रिवाज येथेही पाळला गेला आहे.

डहाणूच्या विद्यार्थ्यांना विशेष वाटेल असा एक पुरावा येथे नोंदवतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांमध्ये क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. तो साधारणतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो. त्यात त्याने काही नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचे सांगितले आहे. त्या नद्यांच्या नावांत दमणा आहे, तापी आहे आणि ‘दाहनुका’ही आहे. ही दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. त्याच लेखात या नद्यांच्या दोन्ही तीरांवर ‘प्रपा’ उभारल्याचा उल्लेख येतो. प्रपा म्हणजे वाटसरूंना पाणी पाजण्याची जागा. हाही शब्द ‘पा’ धातूचाच. आपल्या ‘पाणपोई’ या शब्दातील ‘पोई’ ही या प्रपेशी जोडली जाते. म्हणजे ‘पाणपोई’ या एका शब्दात ‘पिणे’ दोनदा आले. तलासरी ओलांडून गुजरातेत गेलात तर हीच प्रपा तुम्हांला ‘परब’ या नावाने भेटेल. सुमारे १९०० वर्षांपूर्वी डहाणूच्या तीरावर जी सोय होती तिचे नाव सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळ्या रूपांत टिकून आहे.

‘पाणी आले’ म्हणजे काय आले?

आता अर्थ प्रयोगानुसार कसा बदलतो ते पाहू. ‘पाणी आले’ हे दोन शब्दांचे वाक्य घ्या. डहाणूच्या खाडीवर राहणारा मांगेला मच्छीमार हे म्हणतो तेव्हा भरती सुरू झालेली असते. पाणी चढले, होडी काढता येईल. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र किती दूर सरकतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या वाक्यातील निकड कळेल. शहरातील इमारतीत हेच वाक्य नळाविषयी असते. विदर्भातून बदली होऊन आलेले एखादे शिक्षक मात्र आकाशाकडे पाहून ‘पाणी आला’ म्हणतील. तेथे पाणी म्हणजे पाऊस. आणि ‘पाऊस’ पुल्लिंगी असल्यामुळे पाणीही पुल्लिंगी झाले. अर्थ बदलला की व्याकरणही त्याच्यामागे जाते, हे लक्षात घ्या. (‘खाडीवर राहणारा’ असे मी आताच लिहिले. माणूस खाडीच्या पाण्यावर राहत नाही, काठावर राहतो. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ हे लक्षणेचे उदाहरण तुम्ही साहित्यशास्त्रात अभ्यासले आहे, तेच हे.)

‘पाणी’ हे आपण न मोजता येणाऱ्या पदार्थाचे नाव समजतो आणि त्याचे अनेकवचन करीत नाही. शेतकरी मात्र ते मोजतो. ‘गव्हाला चार पाणी दिले’, ‘शेवटचे पाणी चुकले’ असे तो म्हणतो. येथे पाणी म्हणजे सिंचनाची पाळी. तांदूळ ‘तीन पाण्यांनी’ धुतात, तेव्हा पाणी म्हणजे धुण्याची खेप.

विभक्ती व शब्दयोगी अव्यये यांचे काम तर येथे फारच स्पष्ट दिसते. ‘बाई पाण्याला गेली’ म्हणजे पाणी आणण्यास गेली. ‘गुरे पाण्यावर गेली’ म्हणजे पिण्यास गेली. ‘मूल पाण्यात गेले’ यात धोका आहे आणि ‘पैसे पाण्यात गेले’ यात नुकसान. क्रियापद एकच, नाम एकच. भेद आहे तो ‘ला’, ‘वर’, ‘त’ या लहानशा प्रत्यय-अव्ययांचा आणि जाणारा कोण याचा. यांतील ‘पाण्याला जाणे’ हा प्रयोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. ‘बाजाराला जाणे’, ‘कामाला जाणे’ यांच्याच जातीचा तो आहे. पाणी आणणे हे काम आहे, हे व्याकरणाने केव्हाच मान्य करून ठेवले आहे. आपल्या रोजगाराच्या हिशेबात ते अजून आलेले नाही.

‘लागणे’ या क्रियापदाबरोबर असाच विस्तार होतो. विहिरीला चाळीस फुटांवर पाणी लागले – सापडले. नव्या गावचे पाणी त्याला लागले – बाधले. भाताला पाणी फार लागते – आवश्यक असते. बांधाला पाणी लागले – येऊन भिडले. परीक्षेत ‘पाणी लागणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ विचारल्यास बहुतेक पुस्तके केवळ ‘बाधणे’ एवढेच उत्तर ग्राह्य धरतात. वाक्यात उपयोग करून दाखवल्यास उरलेले अर्थही तितकेच बरोबर आहेत.

पाण्याच्या जागांची नावे या भागात पुष्कळ आहेत. नदीच्या किंवा ओहोळाच्या आटलेल्या पात्रात खड्डा खणून झिरपणारे पाणी वाटीने गोळा करतात, तो डवरा. विहिरीला बाव म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘वापी’वरून आला. वसईकडील बावखल याच बावेचे. डोह, कोंड, झरा आणि खारट पाण्याचे खाजण यांची भर घाला. सरकारी तक्त्यात या सर्वांसाठी ‘उद्भव’ किंवा ‘स्रोत’ एवढा एकच रकाना असतो. डवरा आणि विहीर यांत पाण्याला लागणाऱ्या वेळाचा जो फरक आहे, तो त्या रकान्यात मावत नाही.

तेजाचे पाणी

लोहार विळा किंवा कोयता लाल होईपर्यंत तापवतो आणि एकदम पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो आणि पाते कठीण बनते. यास ‘पाणी देणे’ म्हणतात. चांगले पाणी दिलेली तलवार पाणीदार. पुढे तसाच करारी माणूस पाणीदार. मग त्याचे पाणी ‘जोखता’ येते, तो आपले पाणी ‘दाखवतो’, आणि प्रतिस्पर्ध्याला पाणी ‘पाजतो’. मोत्याचे पाणी म्हणजे त्याची झळाळी. ही झळाळी उतरवली की ‘पाणउतारा’ होतो.

फारसीतही हीच कल्पना आढळते. तेथे पाण्याला ‘आब’ म्हणतात. संस्कृत ‘आपः’चा हा सख्खा नातलग. मराठीने तो घेतला तो पाणी या अर्थाने नव्हे, तर तेज, मान या अर्थाने : आब राखणे. आब म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा, यांवरून ‘अब्रू’ झाली, चेहऱ्यावरचे पाणी. ‘गुलाब’ हा मुळात गुलाबाच्या फुलाचे पाणीच आहे. म्हणून ‘गुलाबपाणी’ या शब्दात पाणी दोनदा येते. मात्र ‘शराब’ या शब्दात हा आब शोधू नका. तो ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावणे हा आपल्याकडील एक लोकप्रिय छंद आहे, त्यापासून विद्यार्थ्याने दूर राहावे.

‘पाणिग्रहण’ या शब्दाबाबत नेमकी हीच चूक होते. संस्कृत ‘पाणि’ म्हणजे हात. पाणिग्रहण म्हणजे विवाहात हात हाती घेणे. त्याचा आपल्या पाण्याशी काही संबंध नाही. एकाच शब्दाचे अर्थ फुटत गेले तर ती अनेकार्थता; निरनिराळ्या मुळांचे शब्द योगायोगाने सारखे दिसू लागले तर ती समरूपता. ‘पाणीदार’ हे पहिल्याचे उदाहरण, ‘पाणिग्रहण’ दुसऱ्याचे.

सोडलेले पाणी, नाकारलेले पाणी

दान देताना दात्याने हातावरून पाणी सोडावयाचे, म्हणजे वस्तूवरील हक्क संपला, अशी प्रथा होती. ‘उदक सोडणे’ हा शब्द तिच्यातूनच आला. ‘पाणी सोडणे’ या वाक्प्रचारात आरंभी स्वेच्छा होती, पुण्य होते. आज ‘नोकरीवर पाणी सोडावे लागले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुण्य जाऊन केवळ नाइलाज उरलेला असतो. डहाणू-तलासरीच्या वारली कुटुंबांनी सावकार आणि जमीनदारांच्या व्यवहारात आपल्या जमिनींवर जे पाणी सोडले, ते या दुसऱ्या अर्थाचे. पुढे २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ न करण्याचा निश्चय झाला. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. नसल्यास अवश्य वाचावे.

‘पाणी चालणे’ हा प्रयोग आज तरुणांना समजावून सांगावा लागतो, ही चांगलीच गोष्ट आहे. अमक्या जातीचे पाणी आम्हांला चालते, तमक्याचे चालत नाही, असे पूर्वी उघड बोलले जाई. या ‘चालणे’विरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभी केली, तेव्हा ‘पाणवठा’ हा जागा दाखवणारा साधा शब्द समतेची कसोटी दाखवू लागला. पाणवठ्यावर कोण आधी भरतो आणि कोण थांबतो, हे आजही पाहण्यासारखे असते.

जोडशब्दांतील पाणी

येथे फार थांबण्याचे कारण नाही. पाणवठा, पाणलोट, पाणथळ, पाणकळा, पाणबुडी या जुन्या समासांत ‘पाणी’चे ‘पाण’ होते. पाणीपुरवठा, पाणीपट्टी अशा अलीकडच्या समासांत शब्द पुरा राहतो. दाणापाणी, औषधपाणी, चहापाणी, पोटापाण्याचा धंदा यांतील पाणी मात्र जवळजवळ कोरडे आहे. तेथे त्याचा अर्थ ‘इत्यादी’ एवढाच. कचेरीतील ‘चहापाण्या’चा अर्थ तर सर्वांस ठाऊक आहे.

‘पानी’ अशुद्ध आहे काय?

शेवटी एका प्रश्नाकडे वळतो. तो संपर्कसत्रात हमखास विचारला जातो, बहुधा सत्र संपल्यावर, हळू आवाजात. वारली बोलीत आणि उत्तर कोकणच्या इतर काही बोलींतही ‘पानी’ असा उच्चार ऐकू येतो. ही चूक समजावी काय?

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून कोकणपट्टीतील बोलींच्या अशा वैशिष्ट्यांची नोंद होत आली आहे. शिवाय आजूबाजूला पाहा. पंजाबी, सिंधी, गुजराती यांत ‘ण’ आहे. हिंदीत ‘न’ आहे. डहाणूच्या बाजारात गुजराती दुकानदार ‘पाणी’ म्हणतो आणि पाड्यावरून आलेले वारली आजोबा ‘पानी’ म्हणतात. ‘ण’चा उच्चार शिक्षणाने किंवा बुद्धीने येत असता, तर हिंदीतील सर्व पंडितांना आपण अशिक्षित ठरवले असते. प्रत्येक बोलीची ध्वनिव्यवस्था स्वतंत्र असते आणि ती नियमबद्ध असते. ‘पानी’ त्या व्यवस्थेत शुद्धच आहे.

अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत मीही ‘पानी’खाली लाल रेघ मारीत असे. रेघ मारण्यास हरकत नव्हती; समासात ‘अशुद्ध’ असे लिहावयास नको होते, ‘प्रमाणलेखनात : पाणी’ असे लिहावयास हवे होते. तुम्हीही हा भेद पाळा. उत्तरपत्रिकेत तुमचे स्वतःचे विवेचन प्रमाणभाषेत लिहा, तेथे ‘पाणी’ हेच रूप वापरा. परंतु बोलीतील वाक्य उदाहरण म्हणून देताना ते जसे बोलले गेले तसेच अवतरणचिन्हांत लिहा. आजीच्या तोंडचे ‘पानी’ सुधारून ‘पाणी’ केल्यास तो पुरावा राहत नाही.

कृती

पुढील संपर्कसत्रापूर्वी आपल्या गावात किंवा पाड्यात ‘पाणी’ हा शब्द ज्यांत आला आहे अशी पंचवीस वाक्ये गोळा करा. नुसते शब्द लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा; ‘पाण्याला’ की ‘पाण्यावर’ हे त्याशिवाय कळणार नाही. निदान एक वाक्य शेती करणाऱ्याचे, एक मासेमारी करणाऱ्याचे आणि एक रोज पाणी भरणाऱ्या बाईचे किंवा मुलीचे असावे. नारणदेव हा वारल्यांचा पावसाचा देव. त्याच्याविषयी बोलताना घरातील वडीलधारी मंडळी पावसाला कोणता शब्द वापरतात, तेही विचारा. प्रत्येक वाक्यापुढे बोलणाऱ्याचे अंदाजे वय व व्यवसाय नोंदवा, नाव नको. आणि दिनांक न विसरता लिहा.